पीळ नळीचा, लांबी गोळीची: इंदूरच्या एका .२२ रायफलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण इंदूरमधल्या एका मराठी घरातलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. रायफल, काडतुसं, मोजमापं आणि क्रम मात्र जसा घडला तसा ठेवला आहे.

खेळाडू चोवीस वर्षांची, नोकरी करून ५० मीटर प्रोन (जमिनीवर पालथं पडून नेमबाजी) खेळणारी. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, त्यानंतर घरातून होकार मिळाला. महागडी मॅच रायफल परवडणारी नव्हती. तिने स्वतःच्या परवान्यावर .२२ ची एक साधी, जुनी बोल्ट ॲक्शन रायफल घेतली. लाकडी दस्ता, चोवीस इंची नळी, सामन्याला पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायचं साधन) आणि चाचणीपुरती लावायला एक दुर्बीण. तिचे मामा महूला आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, राहायला सुदामानगरात. रायफलीचं सगळं त्यांच्या सल्ल्याने चालायचं. पुढे दिसेल की एका ठिकाणी तो सल्ला घ्यायचा राहून गेला.

पहिले चार महिने तिने ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे साध्या वेगाची, काडतुसं वापरली. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून ५० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी २१ मिलिमीटर (सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत). बजेट रायफलीला हे वाईट नाही, पण सामन्याला पुरत नाही. ५० मीटर रायफल टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे ५.६ मिलिमीटरच्या गोळीचा मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात राहिला तरी चालतं. रायफल पिशवीवरूनच २१ चा ग्रुप देत असेल, तर खेळाडूची एकही चूक नसताना नऊ पडणारच.

अडचण

मार्चपासून माळव्यात वारं उठतं. रेंज शहराबाहेर, मोकळ्या शेताला लागून. डावीकडून झुळूक आली की ठिपके उजवीकडे सरकायचे. तिच्या वाचनात आलेलं होतं की लांब पल्ल्याचे नेमबाज वाऱ्यासाठी जड गोळी वापरतात. शस्त्रविक्रेत्याकडे ६० ग्रेनच्या सबसॉनिक (आवाजाहून कमी वेगाच्या) .२२ काडतुसांचा थोडा आयात केलेला साठा पडून होता आणि तो कमी भावात द्यायला तयार होता. तिने पन्नासच्या दहा डब्या, म्हणजे ५०० काडतुसं एकदम घेतली. परवान्यावर नोंद झाली, बिल झालं. मामांना फोन झाला तो घरी पोचल्यावर.

पहिल्याच दिवशी ५० मीटरवर वीस गोळ्या मारल्या. कार्डावर चौदा भोकं सापडली, सहा गोळ्या कुठे गेल्या कळलंच नाही. सापडलेली भोकं १४० मिलिमीटरच्या पसाऱ्यात. त्यांत गोल भोक जेमतेम दोन-तीन. बाकीची लांबट, काही तर सरळ आडवी, कुणी खिळा झोपवून कागदात दाबावा तशी.

नेमबाजीच्या भाषेत याला कीहोल म्हणतात. गोळी नाक पुढे करून न येता लोळत, कलंडत येते आणि कागद कुशीवर फाडते. कार्डावर एकदा आडवं भोक दिसलं की दुर्बीण, ट्रिगर, श्वास वगैरे गोष्टी बाजूला ठेवायच्या. नेम कितीही चुकला तरी भोक गोलच पडतं.

वाया गेलेले तीन आठवडे

हे ठाऊक असतं तर प्रकरण एका दिवसात मिटलं असतं. प्रत्यक्षात तिने आधी दुर्बिणीच्या रिंगा घट्ट केल्या. मग दस्त्याचे दोन्ही स्क्रू काढून पुन्हा बसवले. मग रेंजवरच्या कुणीतरी नळीच्या तोंडाला, म्हणजे क्राउनला, ओरखडा असेल असं सुचवलं. भिंगातून पाहिलं, ओरखडा नव्हता. मग काडतुसं जुनी असतील म्हणून दुसरी डबी फोडली, तिसरी फोडली. प्रत्येक फेरीत दोन-तीन गोष्टी एकदम बदललेल्या, त्यामुळे कशाने काय झालं याचा पत्ता नाही. वही ठेवलेली होती, पण वहीत फक्त गुण लिहिलेले. काडतूस कुठलं, अंतर किती, वारं कसं, याचा रकानाच नव्हता.

या खटाटोपात जवळजवळ दोनशे काडतुसं संपली. त्यातून एक दुसरीच भानगड तयार झाली, तिच्याकडे नंतर येतो.

शेवटी एका रविवारी कार्डं घेऊन ती मामांकडे गेली.

"मामा, भारी गोळी वाऱ्यात कमी हलते ना? मग ही अशी का पळते?"

मामांनी कार्ड उजेडात धरलं आणि एका आडव्या भोकावर स्टीलची पट्टी ठेवली. "सतरा मिलिमीटर. आता तुझ्या जुन्या गोळीची लांबी सांग."

तिला ती माहीत नव्हती. डबीवर वजन छापलेलं असतं, लांबी नाही.

मोजमाप

पहिलं काम गोळीची लांबी काढणं. काडतूस उकलून बघायची गरज पडली नाही. आडव्या भोकाने लांबी सांगितलीच होती, ती व्हर्नियरने पडताळली. लाँग रायफल आणि शॉर्ट ही .२२ काडतुसांची दोन मापं, तिची रायफल लाँग रायफलची. ६० ग्रेनचं हे काडतूस .२२ लाँग रायफलच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) बसतं, पण त्याची पितळी केस .२२ शॉर्टची असते. लाँग रायफलची केस १५.६ मिलिमीटर, शॉर्टची १०.७. एकूण लांबी दोन्हींची सारखी, साधारण २५ मिलिमीटर, नाहीतर काडतूस मॅगझिनमध्ये मावणार नाही. गोळी लांब, म्हणून केस आखूड. बाहेर दिसणारी गोळी १४.३ मिलिमीटर आणि केसच्या आत दडलेली टाच अडीच-पावणेतीन. बेरीज सतराच्या आसपास येते. त्याच पद्धतीने ४० ग्रेनची गोळी ११.७ भरली.

दुसरं काम नळीचा पीळ मोजणं. पीळ म्हणजे नळीच्या आतल्या खाचांचं वळण. ते गोळीला फिरकी देतं आणि फिरकीमुळे गोळी नाक पुढे ठेवून स्थिर जाते. .२२ लाँग रायफलचा रूढ पीळ १६ इंचांत एक फेरा आहे, म्हणजे गोळी नळीत १६ इंच पुढे सरकते तेव्हा स्वतःभोवती एकदा फिरते. पण जुन्या रायफलीवर विसंबायचं नसतं. नळी आधी कुणी बदलली असेल तर सांगणार कोण? मोजायची रीत अशी:

रायफल रिकामी आहे हे पाहून बोल्ट काढायचा. रायफल पिशव्यांवर आडवी, नळी समतल. सफाईचा दांडा फिरत्या मुठीचा हवा, मूठ आत बेअरिंगवर फिरणारी. मूठ पक्की असेल तर दांडा पिळाबरोबर वळत नाही आणि मोजमाप खोटं येतं. जॅगवर, म्हणजे दांड्याच्या टोकावर, कापडाचा पॅच चांगला घट्ट बसवायचा, दोन बोटांनी ढकलताना जोर लागला पाहिजे. दांडा नळीत पूर्ण घालून, मुठीजवळ चिकटपट्टीचं छोटं निशाण लावायचं, निशाण आकाशाकडे. नळीच्या मागच्या काठाशी दांड्यावर पेन्सिलीची रेघ मारायची. मग दांडा सावकाश मागे ओढायचा. निशाण एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा आकाशाकडे आलं की दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर हाच पीळ. ढकलण्यापेक्षा ओढताना मोजलेलं बरं, दांडा वाकत नाही. नळी आखूड असेल तर अर्धा फेरा मोजून दुप्पट करायची, पण मग चूकही दुप्पट होते हे ध्यानात ठेवायचं.

पाच वेळा मोजलं: ४०५, ४१०, ४०७, ४१८, ४०६ मिलिमीटर. चौथ्या वेळी पॅच सैल झाला होता आणि हाताला ते कळलं होतं. घसरलेला पॅच पीळ नेहमी आहे त्याहून संथ दाखवतो, जलद कधीच नाही. तो आकडा वगळून सरासरी ४०७, म्हणजे १६ इंच. नळी रूढ मापाचीच.

तिसरं काम वाळूच्या पिशवीवरून एकच चाचणी, एकच बदल: १०, २५ आणि ५० मीटरवर वेगवेगळी कार्डं, प्रत्येकी पाच गोळ्या, ६० ग्रेनच्या. दहा मीटरवर भोकं किंचित अंडाकृती, पंचवीसवर स्पष्ट लांबट, पन्नासवर आडवी. गोळी नळीतून बाहेर पडताच डळमळते आहे आणि पुढे सावरत नाही, हे तीन कार्डं शेजारी ठेवली की दिसतं. तेवढ्याच अंतरांवर ४० ग्रेनच्या पंधरा गोळ्या: सगळी भोकं गोल.

हिशेब

इथे थोडं आकड्यांत शिरावं लागेल, कारण "जड गोळीला जलद पीळ" हे वाक्य सगळे म्हणतात आणि ते अर्धवट आहे. पिळाची गरज मुख्यतः लांबीमुळे ठरते. वजन वाढवायचं आणि व्यास तोच ठेवायचा तर गोळी लांब होते, म्हणून वजनाचा नियम बऱ्याचदा चालून जातो. पण तांब्याची गोळी शिशापेक्षा हलकी असते (घनता ८.९६ विरुद्ध ११.३४), म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब आणि तिला पीळही जास्त जलद लागतो. तिथे नुसतं वजन बघणारा फसतो.

मामांना हे जुन्या .३०३ वरून माहीत होतं. ली-एनफील्डचा पीळ १० इंचांत एक, डावीकडे वळणारा, २१५ ग्रेनच्या गोल नाकाच्या गोळीच्या काळापासूनचा. १९१० मध्ये मार्क ७ काडतूस आलं, गोळी १७४ ग्रेनची झाली, पीळ तोच राहिला आणि बिघडलं काही नाही. नव्या गोळीच्या टोकात शिशाऐवजी हलका भराव होता, त्यामुळे वजन घटलं तरी लांबी राहिली.

ढोबळ उत्तरासाठी ग्रीनहिलचा १८७९ चा नियम पुरतो: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी, सगळं इंचांत. सतरा मिलिमीटर म्हणजे ०.६७ इंच. १५० × ०.२२४ × ०.२२४ ÷ ०.६७ = ११.२. म्हणजे या गोळीला निदान ११ इंचांत एक फेरा हवा. ११.७ मिलिमीटरच्या (०.४६ इंच) गोळीला १६.४ येतो. सोळाची नळी ४० ग्रेनला बेताने पण नीट पुरते. सोळा हे माप ठरलंच या गोळीसाठी.

मिलरचं सूत्र अधिक बारीक आहे. त्यातून स्थैर्यांक, म्हणजे गोळी किती स्थिर राहील याचा आकडा, निघतो: ३० गुणिले वजन (ग्रेन), भागिले चार गोष्टींचा गुणाकार. त्या चार म्हणजे पिळाचा वर्ग (पीळ कॅलिबरमध्ये, म्हणजे गोळीच्या व्यासाच्या पटीत, १६ ÷ ०.२२४ = ७१.४), व्यासाचा घन, लांबी (तीही कॅलिबरमध्ये), आणि एक अधिक लांबीचा वर्ग.

४० ग्रेन: लांबी २.०५ कॅलिबर, आकडा १.९६.
६० ग्रेन: लांबी २.९९ कॅलिबर, आकडा १.०६.

हे आकडे २८०० फूट प्रतिसेकंद वेगासाठी आहेत. प्रत्यक्ष वेग कमी, म्हणून वेग भागिले २८०० याच्या घनमुळाने गुणायचं. ४० ग्रेनचा छापील वेग १०७० फूट, गुणक ०.७३, उत्तर १.४३. ६० ग्रेनचा ९५० फूट, गुणक ०.७०, उत्तर ०.७४. आवाजाखालच्या वेगाला हे सूत्र काटेकोर नाही, अंदाजापुरतं घ्यायचं. पण इथे अंदाज पुरे आहे: एकाच्या खाली गोळी स्थिर राहूच शकत नाही, १.४ च्या वर असली की निर्धास्त.

हवेचाही वाटा असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. मे महिन्यात चाळीस अंशांवर हवा इतकी विरळ होते की स्थैर्यांक सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, जानेवारीच्या दहा अंशांना पाचेक टक्क्यांनी. वैशाखातल्या भर दुपारीही ६० ग्रेनची गोळी ०.८६ वर जाते. म्हणजे उन्हाने सुद्धा ही नळी वाचत नाही. उलट्या बाजूचं उदाहरण प्रसिद्ध आहे: अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलीचा सुरुवातीचा पीळ १४ इंचांत एक होता, थंड प्रदेशातल्या दाट हवेत गोळ्या डळमळल्या आणि तो १२ करावा लागला.

या सूत्रात निर्णयाला उपयोगी पडणारी एक गोष्ट दडलेली आहे. पीळ वर्गाने शिरतो आणि वेग घनमुळाने. पीळ १६ वरून १२ केला की स्थैर्यांक पावणेदोन पटींनी वाढतो. वेग २० टक्क्यांनी वाढवला तर फक्त सहा टक्क्यांनी. त्यामुळे "जरा जोरदार काडतूस घे, सावरेल" हा रेंजवरचा सल्ला बहुतेक वेळा निरुपयोगी असतो.

पर्याय

नळी बदलणं. नऊ इंची पिळाची .२२ नळी परदेशात बनवून मिळते आणि त्यात ६० ग्रेनचा स्थैर्यांक २.३ येतो. पण नळीची किंमत आणि आयातीचा खर्च मिळून रायफलीच्या वर जातो. शिवाय शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात, म्हणजे परवानगी, परवानाधारक कारागीर, नोंदी, सगळं आलं. आणि हे कशासाठी, तर स्वस्तात मिळालेल्या काडतुसांसाठी! मामांनी हा पर्याय दोन वाक्यांत निकाली काढला, आणि योग्यच केलं. तरी एक गोष्ट नोंदवतो. जलद पिळात ४० ग्रेन स्थिरच राहते, पण मऊ शिशाच्या गोळीत जो काही असमतोल असतो तो जास्त फिरकीने जास्त जाणवतो. सामना ४० ग्रेनने खेळायचा तर सोळाच बरा.

उरलेली काडतुसं जवळच्या सरावाला वापरणं. हा तिचा स्वतःचा प्रस्ताव होता, दहा मीटरवर मारायच्या म्हणजे वाया जाणार नाहीत. मामांनी ठाम नकार दिला. वीसपैकी सहा गोळ्या कार्डाबाहेर गेल्या होत्या आणि त्या कुठे लागल्या ते कुणाला माहीत नव्हतं. लोळणारी गोळी बॅफलला (रेंजवर गोळ्या अडवणाऱ्या आडोशाला) किंवा शेजारच्या लेनच्या चौकटीला लागली तर पुढे कुठे वळेल याचा नेम नाही. रेंजवर कीहोल दिसलं की ते काडतूस त्या रायफलीतून बंद. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो तीन आठवडे उशिरा झाला.

हलकी, वेगवान ३२ ते ३६ ग्रेनची काडतुसं. लांबी कमी, म्हणून पिळाची अडचण नाही. पण १२३५ फूट किंवा अधिक वेगाने सुटलेली गोळी ५० मीटरच्या वाटेत आवाजाच्या वेगाजवळ येते आणि त्या पट्ट्यात तिला धक्के बसतात. दहा अंशांच्या सकाळी आवाजाचा वेग साधारण ११०७ फूट, चाळीस अंशांना ११६४. सुरुवातीपासून आवाजाखाली असलेली १०७० फुटांची गोळी हा घाट चढतच नाही. सामन्याची काडतुसं याच वेगाची का असतात, ते यातून कळतं.

४० ग्रेनवर परतणं आणि लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या काडतुसांची खेप, निवडणं. हाच घेतला.

वाऱ्याच्या मूळ मुद्द्याचं काय? स्थिर राहिली असती तर ६० ग्रेनने ५० मीटरवर वाऱ्यात फायदा मिलिमीटरांत दिला असता, इतकाच. जड गोळीचा मोठा लाभ तीनशे मीटरच्या पुढे आहे, सेंटरफायर (.२२ पेक्षा ताकदवान काडतुसांच्या) रायफलींत. तिथे बजेट रायफल घेणाऱ्याने हाच हिशेब आधी करावा. .२२३ मध्ये बाराचा पीळ ५५ ग्रेनपर्यंत, नऊचा ६९ पर्यंत, आठचा ७७ पर्यंत बिनधास्त. .३०८ मध्ये बारा १६८ ते १७५ ला पुरतो, दहा त्याच्या वरच्यांना. रेमिंग्टनने १९५५ मध्ये .२४४ काढली बाराच्या पिळाने, त्याच वर्षी विंचेस्टरची .२४३ आली दहाच्या पिळाने. हरणाच्या शिकारीला १०० ग्रेनची गोळी हवी असणाऱ्यांनी .२४३ उचलली. रेमिंग्टनला १९६३ मध्ये तेच काडतूस ६ मिलिमीटर रेमिंग्टन या नावाने, नऊच्या पिळात पुन्हा आणावं लागलं. काडतूस दोन्ही वेळा एकच होतं.

काय केलं, आणि मधेच आलेली भानगड

सीलबंद सहा डब्या, ३०० काडतुसं, विक्रेत्याने नोंदवही आणि परवान्यावर नोंद करून परत घेतली, थोडी रक्कम कापून. मग ४० ग्रेनची जुनी डबी काढली आणि चाचणी सुरू केली. ग्रुप आला ३४ मिलिमीटर. भोकं गोल, पण ग्रुप आधीच्या दीडपटीहून मोठा.

इथे ती खचली. रायफलच गेली असं तिला वाटलं. मामांनी एक वेगळी गोष्ट पाहिली: बोल्ट बंद होताना शेवटच्या टप्प्यात जोर लागत होता. न मारलेलं काडतूस त्यांनी बाहेर काढून बघितलं. गोळीच्या अंगावर, केसच्या तोंडालगत, एक चकचकीत कडं उमटलेलं. शिसं तासलं गेलं होतं.

कारण सरळ होतं. आखूड केसची दोनशे काडतुसं त्या चेंबरमधून गेली होती. शॉर्टची केस जिथे संपते तिथून लाँग रायफलची केस जिथे संपते तिथपर्यंत ४.९ मिलिमीटरचा पट्टा उघडा राहतो. प्रत्येक गोळीबरोबर त्या पट्ट्यात काजळी, मेण आणि शिसं थापलं गेलं आणि त्याची वेटोळी झाली. लांब केस आत जाताना आता तिथे अडखळत होती आणि गोळी वाकडी होऊन नळीत शिरत होती. नेहमीचा सफाईचा पॅच या वेटोळ्यावरून नुसता सरकून जातो.

सफाई अशी केली. बोल्ट काढला. आखूड दांड्यावर .२२ चा काशाचा ब्रश, चेंबरपुरताच आत. ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून चेंबर ओला केला आणि वीस मिनिटं तसाच ठेवला. मग ब्रश पुढे-मागे न करता जागच्या जागी गोल फिरवला, बारा-पंधरा फेरे. पॅचवर काळं आणि त्यात शिशाच्या करड्या चकाकणाऱ्या पापुद्र्या निघाल्या. हे तीनदा. चौथ्या वेळी पॅच जवळजवळ कोरा. स्टीलची सुई किंवा पेचकसाचं टोक आत घालायचं नाही. चेंबरवर एक ओरखडा बसला की प्रत्येक केस तिथे चिकटणार. शेवटी नळीतून दोन कोरडे पॅच, आणि सॉल्व्हंट मागच्या बाजूने ट्रिगरमध्ये उतरू नये म्हणून रायफल नाक खाली करून ठेवली.

बोल्ट पुन्हा एका बोटाने बंद होऊ लागला. पहिल्या पंधरा गोळ्या कार्ड न बघता मारल्या, नळीला मेणाचा थर बसेपर्यंत. मग ग्रुप २० वर आला, म्हणजे मूळ ठिकाणी.

पुढची पायरी लॉटची निवड. एकाच छापाच्या ४० ग्रेन स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसांचे तीन वेगवेगळे लॉट, प्रत्येकाची एक-एक डबी. प्रत्येक लॉटच्या पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप, ५० मीटरवर, सकाळी सात ते साडेआठ, वारं उठायच्या आत. लॉट बदलताना पहिल्या दहा गोळ्या हिशेबात न धरता, कारण दर लॉटचं मेण वेगळं. सरासरी आली १९, १३ आणि १७ मिलिमीटर. मधल्या लॉटची जितकी मिळाली तितकी काडतुसं, परवान्याच्या मर्यादेत, त्याच आठवड्यात घेतली. लॉट दुसऱ्यांदा मिळत नाही.

निष्पत्ती

१३ मिलिमीटरचा ग्रुप १६ च्या वर्तुळात बसतो. रायफलीकडून आता दहाच मिळतात, नऊ पडला तर तो खेळाडूचा. मार्चच्या आधी साठ गोळ्यांच्या सराव कार्डावर तिचे ५७५ होत असत, जूनच्या शेवटी ५८८. त्यातले किती गुण काडतुसांचे आणि किती तिच्या मेहनतीचे हे वेगळं करता येत नाही. पावसाळ्याआधीच्या त्या दिवसांत वारंही पडलं होतं.

वाऱ्याचा प्रश्न तसाच आहे. त्यावर आता ती रेंजवरच्या झेंड्या वाचते आणि एका झुळुकीपुरती थांबते. त्याला काडतूस लागत नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

पाचशेऐवजी एक डबी. पन्नास काडतुसांनी जे कळलं असतं त्यासाठी साडेचारशे जास्त घेतली गेली. सवलतीत मिळणारा पडून राहिलेला साठा दिसला की आधी विचारायचं, हा पडून का राहिला?

घेण्याआधी दोन आकडे: आपल्या नळीचा पीळ आणि गोळीची लांबी. पीळ मोजायला अर्धा तास लागतो आणि तो जन्मभर बदलत नाही, रायफलीच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवावा. लांबी डबीवर नसेल तर काडतुसाची एकूण लांबी वजा केसची लांबी, अधिक अडीच मिलिमीटर, इतकं .२२ ला पुरतं.

नवीन काडतूस पहिल्यांदा ५० मीटरवर मारायचं नाही. दहा मीटरवर, मोठ्या कोऱ्या पुठ्ठ्यावर पाच गोळ्या, आणि भोकं भिंगातून. अंडाकृती दिसली की तिथेच थांबायचं. सहा हरवलेल्या गोळ्या वाचल्या असत्या.

मामांचीही एक चूक झाली. ६० ग्रेनचं काडतूस हातात धरलं तेव्हाच आखूड केस दिसली होती, पण चेंबरची सफाई त्यांना सुचली ती ग्रुप बिघडल्यावर. आखूड केसचं काडतूस मारलं असेल तर लांब केस घालण्याआधी चेंबर घासायचा, हा क्रम त्यांनी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला आहे. त्याच वहीत तिने पाच नवे रकाने आखलेत: लॉट, अंतर, तापमान, वारं, भोकांचा आकार.